लेब्रेटचे कुंपण आणि धनिणीची बाग

माझ्या वडिलांच्या तोंडी ‘बोर्डिंग’ हा शब्द आला की त्यांचा आवाज बदलत असे. माण तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावातून १९४६ साली, बारा वर्षांचे असताना, ते साताऱ्याच्या धनिणीच्या बागेतल्या बोर्डिंगमध्ये दाखल झाले. आजोबांनी त्यांना स्वतः चालत आणून सोडले होते. सोबत बाजरीच्या पिठाचे गाठोडे आणि आजीने शिवलेली वाकळ होती. पहाटे उठून झाडांना पाणी घालायचे, पाळीप्रमाणे भाकरी थापायला बसायचे आणि मराठा, महार, धनगर, मुसलमान, रामोशी अशा सगळ्या मुलांनी एका पंगतीत जेवायचे, हे सांगताना वडिलांना ऐंशीव्या वर्षीही भरून येत असे. कर्मवीर अण्णांना त्यांनी जवळून पाहिले होते. मुलांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे वहिनींनी, अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत आमच्या घरात देवघरातल्या पोथीसारखी जपली जाई. १९२४ साली सुरू झालेले आणि १९२७ साली गांधीजींच्या हस्ते नामकरण झालेले ते बोर्डिंग नसते, तर आमच्या घरात अक्षर आले नसते आणि मी २९ वर्षे शाळेत मराठी शिकवली नसती.

हे सगळे मनात घेऊन मी गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मुलीकडे कॅनडात गेले आणि सप्टेंबरपर्यंत राहिले. ती रिजायना शहरात असते. सस्कॅचवान प्रांताची ही राजधानी सपाट गवताळ मैदानात वसलेली आहे. डोंगर पाहण्याची सवय असलेल्या सातारच्या डोळ्यांना तिथे टेकायला जागा सापडत नाही. क्री या इथल्या आदिवासी लोकांच्या भाषेत या जागेचे जुने नाव ‘हाडांचा ढीग’ अशा अर्थाचे आहे. इथे गव्यांच्या, म्हणजे बायसनांच्या, हाडांच्या राशी असत. त्या गव्यांवर या मैदानातल्या क्री, सोटो, नाकोडा, ब्लॅकफूट, मेटी अशा सगळ्या लोकांचे अन्न, वस्त्र आणि निवारा अवलंबून होता. १८८० च्या सुमारास ते मैदानातून जवळजवळ नाहीसे झाले. सस्कॅचवानमध्ये आजही दर सहा माणसांत एक आदिवासी आहे, पण मुलीच्या कार्यालयात आणि आमच्या मराठी मंडळाच्या जेवणावळीत मला त्यांच्यापैकी कोणी भेटले नाही.

भेट झाली ती शिवणाच्या निमित्ताने. शहराच्या जुन्या, गरीब समजल्या जाणाऱ्या भागातल्या एका सामुदायिक केंद्रात आठवड्यातून एकदा म्हाताऱ्या बाया एकत्र बसून ‘स्टार ब्लँकेट’ शिवत. आपल्या शंकरपाळ्यांच्या आकाराचे कापडाचे तुकडे मध्यापासून बाहेर जोडत नेऊन आठ टोकांचा मोठा तारा तयार करायचा, असे ते काम असते. एखादा तुकडा सुताभर जरी चुकला तरी तारा मधोमध फुगतो आणि मग सगळे उसवावे लागते. मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली, कोणाचा सन्मान करायचा असला किंवा कोणी जगातून गेले, की हे पांघरूण खांद्यावर घालतात. मी त्यांना आपल्या वाकळेचा धावदोरा करून दाखवला. जुनी लुगडी आणि धोतरे थरांनी ठेवून कडेपासून आत फेर धरत शिवत जायचे, हे पाहून त्या खूष झाल्या. माझ्या शेजारी बसणाऱ्या सत्तरी ओलांडलेल्या क्री बाईंना सगळे ‘कोकम’ म्हणत. कोकम म्हणजे आजी. आमसुलाची आठवण करून देणारा हा शब्द मला पहिल्याच दिवशी पाठ झाला.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात मी त्यांना अभिमानाने सांगितले, की माझे वडील गरीब होते, पण बोर्डिंग स्कूलमध्ये वाढले. त्यांची सुई कापडातच थांबली. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारले, “ते घरी परत आले ना?”

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटले, “आले की, दर दिवाळीला यायचे.” त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना सहाव्या वर्षी कॅपेल खोऱ्यातल्या एका निवासी शाळेत नेले होते. केस कापले, अंगावरचे कपडे काढून घेतले, नंबर दिला. क्रीमध्ये बोलले की मार बसे. धाकटा भाऊ त्याच इमारतीत मुलांच्या बाजूला होता. तो जेवणघरात लांबून दिसे, पण त्याच्याशी बोलायला परवानगी नव्हती. हे सारे त्यांनी एका दिवसात सांगितले नाही. दर आठवड्याला थोडे सांगत, मग पुन्हा टाके मोजू लागत. त्यानंतरचे पाच महिने मी या एका शब्दामागे चालत राहिले, असे म्हटले तरी चालेल.

जूनमध्ये मुलीने मला लेब्रेटला नेले. रिजायनापासून ईशान्येला सत्तर-ऐंशी किलोमीटर गेल्यावर सपाट जमीन एकाएकी खाली उतरते आणि तळ्यांची माळ असलेले कॅपेलचे खोरे दिसते. मूळ क्री नावात त्या नदीला ‘हाक मारणारी नदी’ म्हटले आहे. त्या काठावर १८८४ साली सरकारच्या पैशाने आणि कॅथलिक धर्मगुरूंच्या कारभाराखाली कॅपेल इंडस्ट्रियल स्कूल सुरू झाले. पुढे अखेरच्या काही वर्षांत तिथला कारभार स्थानिक आदिवासींच्या हाती आला. १९९८ साली शाळा बंद झाली आणि नंतर इमारतही पाडली. मला तिथे पाहायचे होते ते एका जुन्या छायाचित्रातले दृश्य. १८८५ च्या मे महिन्यातल्या त्या छायाचित्रात शाळेची इमारत आहे, तिच्याभोवती कुंपण आहे आणि कुंपणाच्या बाहेर तंबू, टीपी, म्हणजे शंकूच्या आकाराचे पारंपरिक तंबू, आणि बैलगाड्यांसारख्या लाकडी गाड्या उभ्या आहेत. मुलांना भेटायला आलेल्या आई-बापांचा तो मुक्काम आहे. त्यांना आत थारा नव्हता, म्हणून ते बाहेर पालं ठोकून राहिले होते. त्या गवतात उभी असताना मला माझे आजोबा आठवले, जे दर दोन महिन्यांनी पिठाचे गाठोडे घेऊन येत आणि रात्री मुलांच्याच ओळीत पथारी टाकून झोपत.

पुढे ही पालंही ठोकणे कठीण झाले. १८८५ साली मेटी आणि काही क्री लोकांचा उठाव मोडून काढल्यावर त्याचे मेटी नेते लुई रिएल यांना १६ नोव्हेंबर रोजी रिजायनातच फाशी दिली आणि २७ नोव्हेंबरला बॅटलफर्ड येथे आणखी आठ आदिवासी पुरुषांना फासावर चढवले. त्यानंतर राखीव वस्तीतून, म्हणजे रिझर्व्हमधून, बाहेर पडायला सरकारी एजंटचा पास लागू लागला. या पासला कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता, तरी तो अनेक दशके चालला आणि मुलांना भेटायला निघालेले आई-बापही त्यात अडकले. १८९५ साली कायद्यात दुरुस्ती करून सूर्यनृत्यासारख्या विधींवर बंदी आणली आणि १९२० साली मुलांना या शाळांत धाडण्याची सक्ती करण्याचा अधिकार सरकारने घेतला. १९२७ पासून १९५१ पर्यंत तर जमिनीच्या हक्कासाठी वकील लावायला किंवा वर्गणी जमवायलाही सरकारी परवान्याशिवाय मनाई होती.

या शाळांत काय चालले आहे हे त्या वेळच्या सरकारला ठाऊक नव्हते, असे म्हणता येत नाही. सरकारच्याच इंडियन, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या, खात्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस यांनी १९०७ साली प्रेअरीतल्या, म्हणजे या गवताळ मैदानातल्या, ३५ शाळा तपासल्या. त्यांपैकी १५ शाळांनी आपल्या विद्यार्थ्यांची माहिती दिली आणि त्या १,५३७ मुलांपैकी जवळजवळ पाव मुले मरण पावलेली होती, मुख्यतः क्षयाने. कॅपेल खोऱ्याच्या जवळच असलेल्या फाइल हिल्स शाळेतल्या माजी विद्यार्थ्यांपैकी तर ६९ टक्के हयात नव्हते. कोंदट खोल्या, बंद ठेवलेल्या खिडक्या, आजारी आणि निरोगी मुले एकाच दालनात, ही कारणे ब्राइस यांनी लिहून दिली होती. सरकारने त्यांच्या बहुतेक सूचना बाजूला ठेवल्या आणि निवृत्तीनंतर १९२२ साली त्यांना ही कहाणी स्वतः छापावी लागली. मी शिक्षिका आहे. वर्गातल्या चाळीस मुलांपैकी दहा मुले उद्या नसतील, ही गोष्ट कागदावर वाचूनही शाळा त्याच पद्धतीने चालू ठेवणारी माणसे कशी असतील, हे मला आजही समजत नाही.

देशभरात सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. २००८ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, २०१५ साली सत्य आणि सलोखा आयोगाने आपला अहवाल देऊन ९४ गोष्टी करायला सांगितल्या आणि २०२२ च्या जुलैमध्ये पोप फ्रान्सिस यांनी शेजारच्या अल्बर्टा प्रांतातल्या मास्कवासिस येथे येऊन क्षमा मागितली. रिजायनाच्या पूर्वेला काउएसेस फर्स्ट नेशन हा आदिवासी समूह आहे. त्यांनी २०२१ च्या जूनमध्ये मेरिव्हल शाळेच्या जागेजवळ ७५१ खुणा नसलेल्या कबरी सापडल्याचे जाहीर केले. याच काउएसेसने पुढच्याच महिन्यात सरकारशी करार करून आपल्या मुलांच्या संगोपनाचा आणि संरक्षणाचा कारभार स्वतःच्या कायद्याखाली घेतला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी कबरींची बातमी पहिल्या पानावर छापली; दुसरी बातमी मला मुद्दाम शोधून वाचावी लागली. मला ती अधिक महत्त्वाची वाटते, कारण मुले घरातून उचलली जाणे अजून थांबलेले नाही. २०२१ च्या जनगणनेत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत आदिवासी मुले ८ टक्क्यांहून कमी होती, पण सरकारी देखरेखीखाली परक्या घरांत वाढणाऱ्या मुलांत ती निम्म्याहून अधिक होती.

कोकमनी मला एकदा एक गोष्ट ठासून सांगितली: “शाळा आम्हीच मागितली होती.” ते खरे आहे. रिजायना ज्या प्रदेशात आहे तो १५ सप्टेंबर १८७४ रोजी फोर्ट कॅपेल येथे आदिवासी आणि इंग्लंडच्या राणीचे सरकार यांच्यात झालेल्या चौथ्या तहाचा प्रदेश आहे. त्या तहात पाच माणसांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल राखीव जमीन, दरवर्षी माणशी ५ डॉलर आणि वस्तीवरच्या लोकांची तयारी होताच त्याच वस्तीत शाळा, असे लिहिले आहे. ते ५ डॉलर आजही तेवढेच मिळतात. शाळा मात्र वस्तीत येण्याऐवजी मुलेच वस्तीतून काढून नेली गेली. सरकारच्या लेखी त्या तहाने जमीन कायमची राणीला देऊन टाकली होती, तर तिथले वृद्ध सांगतात की जमीन वाटून घ्यायचे ठरले होते आणि तेही नांगराचा फाळ जातो तेवढ्या खोलीपर्यंतच.

तहाचा कागद एक आणि त्याचे वाचन दोन, ही गोष्ट साताऱ्याच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. १८१९ साली इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांशी तह केला, १८३९ साली त्यांनाच पदच्युत करून काशीला धाडले, आणि १८४८ साली राज्यच खालसा केले. महाराजांचे वकील रंगो बापूजी तो तह घेऊन लंडनमध्ये चौदा वर्षे दारोदार फिरले. कॅनडाची राज्यघटना ब्रिटनमधून आणायचे घाटत होते तेव्हा तिथल्या आदिवासींचे प्रमुखही असेच आपले तह घेऊन लंडनला गेले होते, हे मी कोकमना सांगितले तर त्यांनी रंगो बापूजींचे नाव दोनदा उच्चारून पाहिले. १९८२ च्या त्या घटनेच्या ३५ व्या कलमात आदिवासींचे अस्तित्वात असलेले आणि तहांतून आलेले हक्क मान्य झाले. रंगो बापूजी रिकाम्या हातांनी परतले होते.

घरांचा प्रश्नही याच कागदांतून निघतो. रिझर्व्हवरची जमीन कायद्याने राणीची किंवा राजाची. लोकांना तिचा उपभोग आहे, पण आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखे नाव लागत नाही. तिथल्या आदिवासीची मालमत्ता बाहेरच्या कोणाला जप्त करता येत नाही, म्हणून बँक घर तारण ठेवून घेत नाही आणि सरकारने हमी दिल्याशिवाय कर्ज उभे राहत नाही. दक्षिणेतल्या घरांचे नमुने आणून उणे तीस-चाळीस अंशांच्या थंडीत स्वस्तात उभी केलेली घरे, त्यांत दोन-तीन कुटुंबे आणि भिंतींवर बुरशी, अशी तिथली सर्वसाधारण अवस्था आहे. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे कॅनडातल्या सुमारे १६ टक्के आदिवासींचे घर मोठ्या डागडुजीला आलेले होते. इतरांमध्ये हे प्रमाण ६ टक्क्यांच्याही आत होते. कोकमची बहीण रिझर्व्हवर राहते. तिच्या दोन खोल्यांत नऊ माणसे आहेत, तरी दारात कोणी आले की ती ‘तवाव’ म्हणते. त्या क्री शब्दाने पाहुण्याचे स्वागत करतात आणि त्याचा अर्थ आहे, ‘या, जागा आहे.’

मला सर्वांत जवळची वाटलेली हकीकत अल्बर्टातल्या सेंट पॉल गावाजवळच्या ब्लू क्विल्स शाळेची आहे. १९७० साली सरकार ही निवासी शाळा बंद करून मुलांना गावातल्या शाळेत घालणार होते. त्या जुलैत सॅडल लेक आणि आसपासच्या वस्त्यांतल्या शेकडो लोकांनी इमारतीत ठाण मांडले. आपल्याच शाळेत ज्यांनी मार खाल्ला होता, तेच आई-बाप तिथे चुली मांडून बसले, शिकार करून आणलेले मांस शिजवू लागले, आणि ही शाळा आम्ही चालवू, असे म्हणू लागले. सरकारला ते मान्य करावे लागले. आदिवासींनी स्वतः चालवलेली कॅनडातली ती पहिली शाळा ठरली आणि आज तिथे त्यांचे विद्यापीठ आहे. दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, देशभरच्या आदिवासी संघटनेने शिक्षणावर आमचाच ताबा हवा, असा मसुदा सरकारपुढे ठेवला. रिजायनात १९७६ साली सुरू झालेले महाविद्यालय आता फर्स्ट नेशन्स युनिव्हर्सिटी ऑफ कॅनडा म्हणून ओळखले जाते. त्याची वळणावळणांची इमारत डग्लस कार्डिनल यांनी आखली आहे आणि तिच्यात काचेची मोठी टीपी आहे.

या विद्यापीठाचा वसंतातला पाउवाउ, म्हणजे आदिवासींचा नाच-गाण्याचा मेळावा, मी रिजायनाला पोहोचले त्याच महिन्यात पाहिला होता. तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हते. एका मोठ्या ढोलाभोवती सात-आठ जण बसून एकाच ठेक्यावर टिपऱ्या मारत गात होते आणि गरुडाच्या पिसांची काठी पुढे येताच सगळे सभागृह उभे राहिले. झगाभर पत्र्याच्या पुंगळ्या लावलेल्या मुली पावले टाकू लागल्या, तेव्हा पावसाच्या पहिल्या सरीसारखा आवाज झाला. नाचणाऱ्यांत कोणी नर्स होती, कोणी वकील, आणि चार वर्षांचा एक मुलगाही होता. जे नृत्य केल्याबद्दल यांच्या पणजोबांना तुरुंगात टाकता येत होते तेच हे विद्यापीठाच्या नावाने करत आहेत, हे मला जून महिन्यात, लेब्रेटच्या गवतात उभी असताना उमगले. कोकमची नात शाळेत क्री शिकते. आजीची क्री सहाव्या वर्षी थांबलेली असल्याने आता नात तिला धडे देते आणि चुकले की दुरुस्त करते.

धनिणीच्या बागेतल्या बोर्डिंगचे आणि लेब्रेटच्या शाळेचे नाव एकच निघाले, तरी वडिलांच्या आठवणींवरचा माझा विश्वास तसूभरही कमी झालेला नाही. अण्णांनी मुले आई-बापांच्या हातून घेतली आणि सुट्टीत त्यांच्याच हाती परत दिली. मुलाची बोली, मुलाचा देव, मुलाची वाकळ त्याच्याजवळच राहू दिली. पण परत आल्यावर मला माझीच शाळा आठवू लागली आणि ते लिहिल्याशिवाय हा लेख पुरा करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

१९९० च्या सुमारास माझ्या वर्गात फासेपारध्यांची एक मुलगी होती. गावाबाहेरच्या गायरानात तिच्या लोकांची पालं होती आणि आजही त्यांतल्या अनेकांच्या नावावर बोटभर जागा नाही. ज्या १८७१ साली कॅनडाच्या मैदानातला पहिला तह झाला, त्याच साली इंग्रजांनी आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला आणि पारधी, कैकाडी यांच्यासारख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. हजेरी, पास आणि सोलापूरच्या सेटलमेंटचे, म्हणजे सक्तीच्या वसाहतीचे, तारेचे कुंपण हे सगळे त्यांनी सोसले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, पण गावाची नजर गेली नाही. ती मुलगी घरी गुजरातीला जवळची वाटणारी तिची भाषा बोलत असे. एकदा निबंधात तिने आपल्या आजीबद्दल लिहिले आणि आजीसाठी त्यांच्या भाषेतला शब्द वापरला. मी त्यावर लाल शाईने काट मारली, वर ‘आजी’ असे लिहिले आणि वर्गात सगळ्यांसमोर म्हटले, की शाळेत शुद्धच बोलायचे. मला ते माझे कर्तव्य वाटले होते. त्यानंतर तिने वर्षभर वर्गात स्वतःहून तोंड उघडले नाही आणि मी तिला शांत, शहाणी मुलगी समजत राहिले.

ऑक्टोबरमध्ये मी तिचा फोन नंबर मिळवला. ती आता चाळिशीची आहे, कराडकडे असते, आणि तिची मुलगी कॉलेजात आहे. मी तिला तो निबंध आठवतो का, असे विचारले. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “आठवतो, बाई.” मी तिची माफी मागितली आणि तो शब्द मला शिकव, असे म्हटले. मी ऐकून म्हटला, तर पलीकडून तिची मुलगी हसली आणि माझा उच्चार चुकल्याचे तिने आईला सांगितले. मी पुन्हा म्हटला, तोही चुकला. तिसऱ्यांदा म्हटल्यावर माझी विद्यार्थिनी म्हणाली, “आता बरोबर, बाई.”